जुनी वॅगन-आर, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आणि बसलेली मागची बाजू: स्प्रिंगा कुठल्या घ्याव्यात?

कासारवडवलीकर (प्रश्न)

गाडी मारुती वॅगन-आर व्हीएक्सआय, २०१३ ची, पेट्रोल. सीएनजी किट नंतर बाहेरून बसवलेलं आहे, ६० लिटरची टाकी. रोजचा रस्ता घोडबंदर रोड, कापूरबावडी, कळवा-विटावा आणि पुढे ठाणे-बेलापूर रोडने महापे. शनिवार-रविवारी चार-पाच माणसं असतात.

लक्षणं अशी:
मागची बाजू डोळ्यांना दिसेल इतकी बसली आहे. मागे तिघं बसले की स्पीडब्रेकरवर मागून धाडकन आपटते. पेव्हर ब्लॉकवर पुढून बारीक टकटक येते. उजवी पुढची बाजू डावीपेक्षा थोडी खाली वाटते. जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं, पण दर वेळी वेगळा आकडा येतो.

तीन गॅरेजांत विचारलं आणि तीन उत्तरं मिळाली. एक म्हणतो, स्प्रिंगमध्ये रबरी बफर घाला, काम झालं. दुसरा म्हणतो, चारही शॉकर आणि चारही स्प्रिंगा बदला. तिसरा म्हणतो, मागे जड गाडीच्या स्प्रिंगा घालून देतो, त्या "बसतात".

कंपनीच्या स्प्रिंगा घ्याव्यात, बाहेरच्या ब्रँडच्या घ्याव्यात की कडक? शॉकर बरोबर बदलावेच लागतात का? गाडी अजून चार-पाच वर्षं तरी वापरायची आहे.

रबाळे_वर्कशॉप

खरेदीच्या आधी मोजमाप नीट करा. जमिनीपासून मोजलं की टायरची हवा आणि टायरची झीज दोन्ही त्या आकड्यात येतात, म्हणून तो बदलत राहतो. चाकाच्या मध्यापासून, म्हणजे हबच्या मधोमधपासून, सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. फरशी सपाट हवी, गाडी रिकामी, हवा बरोबर, हँडब्रेक सोडलेला. मोजण्याआधी गाडी हाताने दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला, नाहीतर जॅक काढल्यावर किंवा वळण घेतल्यावर चाकं आत-बाहेर अडकून उंची खोटी दिसते. मग सोसायटीत सीएनजी नसलेली त्याच पिढीची वॅगन-आर शोधा आणि तिची तीच चार मापं घ्या. ठाण्यात ती मिळायला पार्किंगचे दोन मजलेसुद्धा फिरावे लागणार नाहीत.

दुसरी गोष्ट. स्प्रिंग जुनी झाली की मऊ होते असं सगळे म्हणतात, पण तसं होत नाही. पोलादाची लवचिकता वर्षांनी बदलत नाही. स्प्रिंग बसते, म्हणजे तिची मोकळी उंची कमी होते. त्यामुळे गाडी खाली येते आणि बंप स्टॉप, म्हणजे हालचालीच्या शेवटी धक्का झेलणारं रबर, लवकर लागतो. कडकपणा जवळपास तेवढाच राहतो. तेव्हा तक्रारी अशा वेगळ्या करा:

गाडी उभी असतानाच खाली आहे: स्प्रिंग, किंवा जास्तीचं वजन.
खड्ड्यानंतर गाडी डुलत राहते: शॉकर.
बारीक टकटक: लोअर आर्मचा (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचा) रबरी बुश, बॉल जॉइंट किंवा स्ट्रटचं (पुढचा शॉकर आणि स्प्रिंग यांच्या जोडणीचं) वरचं माउंटिंग. स्प्रिंग सहसा नाही.
उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना "कर्र" होऊन स्प्रिंग उडी मारल्यासारखा धक्का बसतो: वरच्या माउंटिंगचं बेअरिंग जाम. याला तुटलेली स्प्रिंगही कारण असू शकते, म्हणून टॉर्च घेऊन खालची शेवटची कॉइल बघाच.

खालची कॉइल का? तिच्या बैठकीत पाणी, रेती, चिखल साठतो. इकडे खाडीची हवा आणि चार महिने पाऊस. रंगाचा थर तिथे आधी निघतो, गंजाचा खड्डा पडतो आणि भार पडल्यावर स्प्रिंग तिथूनच तुटते. पुढच्या चाकाची स्प्रिंग तुटून टोक बाहेर आलं तर ते टायरची आतली बाजू कापतं. रंग सोलून गंजाचे पापुद्रे दिसत असतील तर उंची बरोबर असली तरी ती स्प्रिंग बदलायची.

गाडी कोपऱ्यावर दाबून सोडायची चाचणी पूर्ण मेलेला शॉकर पकडते, अर्धमेला नाही. शॉकरच्या अंगावर ओला तेलाचा ओघळ आहे का बघा. नुसती तेलकट धूळ चालते.

कोलशेत_कार्स

बफर घालू नका. रबर दोन कॉइलच्या मध्ये अडकलं की ती जागा दबणं थांबतं, म्हणजे काम करणारी एक कॉइल कमी होते. सहा काम करत असतील तर पाच उरतात, स्प्रिंग २० टक्के कडक होते आणि तोच सगळा ताण उरलेल्या पाचांवर येतो. शिवाय रबराच्या खाली रंग घासतो आणि पाणी कोंडतं. बफर लावलेली स्प्रिंग बऱ्याचदा बफरच्या कडेलाच तुटते, त्याचं कारण हे.

ठाणे_वेस्ट_८८

उलट विचार कोणी केलाय का? गाडी मागे बसलीच आहे तर पुढे ३० मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा घातल्या की लेव्हल होईल आणि वळणावर झुकणंही कमी होईल. आयबाख, एच अँड आर या अशा स्प्रिंगा बनवणाऱ्या चांगल्या कंपन्या आहेत.

कोलशेत_कार्स

कंपन्या चांगल्याच आहेत, पण ही गाडी रोजच्या ओझ्याची आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, ताशी २५ किमी वेगाने ओलांडता येईल असा. आपल्या सोसायट्यांच्या गेटवर आणि सर्व्हिस रोडवर उंची तेवढीच किंवा जास्त आणि रुंदी हातभर असते. तिथे पुढून ३० मिमी घालवले की सायलेन्सरचा पाइप आणि इंजिनाचा खालचा भाग घासणार. मूळ शॉकरची दबायची हालचालही तेवढीच कमी उरते आणि दर खड्ड्यात तो बंप स्टॉपवर जातो. माजिवड्याचा पूल उतरताना छान वाटेल, बाकी दिवसभर नाही.

कासारवडवलीकर

सांगितल्याप्रमाणे हबपासून मोजलं. माझी गाडी: पुढे डावी ३५२, उजवी ३४६. मागे डावी ३२४, उजवी ३२२ मिमी. शेजारच्या बिल्डिंगमधली २०१२ ची, सीएनजी नसलेली: पुढे दोन्ही ३५४, मागे ३५१ आणि ३५०.

पुढच्या उजव्या शॉकरवर ओला ओघळ आहे. मागचे कोरडे दिसतात. पुढच्या स्प्रिंगांच्या खालच्या कॉइलवर थोडा गंज आहे, पापुद्रे नाहीत.

तारजाडी

हे आकडे फार उपयोगाचे आहेत. आता हिशोब करू.

टाकीच्या मानेजवळ ठोकलेले आकडे वाचा. तिथे पाण्याची क्षमता आणि रिकाम्या टाकीचं वजन दोन्ही असतं, अंदाज करायची गरज नाही. लोखंडी ६० लिटरची टाकी साठच्या आसपास किलोची भरते. त्यात स्टँड, पट्टे आणि भरलेला नऊ-दहा किलो गॅस मिळवा, म्हणजे साधारण ७५ किलो. हे मागच्या चाकांवर कायमचं बसलेलं वजन आहे, कधी न उतरणारा एक प्रवासी. टाकी चाकांच्या रेषेच्या मागे असल्यामुळे पुढची बाजू उलट किंचित हलकी होते.

७५ किलो म्हणजे ७३६ न्यूटन, एका बाजूला ३६८. चाकाशी मोजलेला मागचा कडकपणा समजा १८ न्यूटन प्रति मिमी, म्हणजे एक मिमी दबायला १८ न्यूटन भार. ३६८ भागिले १८ म्हणजे सुमारे २० मिमी. तुमची गाडी शेजारच्यापेक्षा मागे २७-२८ मिमी खाली आहे. म्हणजे २० मिमी टाकीचे आणि सात-आठ मिमी स्प्रिंग बसल्याचे. (शेजारची गाडीही जुनीच आहे, ती स्वतः पाच-सात मिमी बसलेली असेल.)

यातून निघणारी गोष्ट खरेदीआधी समजून घ्या. मागे नवीन पेट्रोल-मॉडेलची स्प्रिंग घातली तर बसलेले तेवढे मिलिमीटरच परत मिळतील, टाकीचे वीस तसेच राहतील. पैसे खर्च करूनही गाडी आपटणारच. पुष्कळ लोक इथेच फसतात आणि मग नवीन स्प्रिंग खराब निघाली म्हणतात.

किती कडक हवी? समजा रिकाम्या मूळ गाडीत मागच्या एका चाकाच्या स्प्रिंगवर १५० किलो आहेत, म्हणजे १४७१ न्यूटन. १८ च्या स्प्रिंगने दाब होतो ८२ मिमी. टाकीसकट भार १८३९ न्यूटन. तो ८२ मिमीवरच थांबायला हवा असेल तर कडकपणा २२.५ लागतो, म्हणजे २५ टक्के जास्त, मोकळी उंची तीच. तुमचं नेमकं वजन हवं असेल तर भिवंडी किंवा तुर्भ्याच्या ट्रकच्या वजनकाट्यावर फक्त मागची चाकं चढवून पावती घ्या. तो काटा पाच-दहा किलोच्या टप्प्याने दाखवतो, आपल्याला तेवढं पुरतं.

२५ टक्के ऐकायला खूप वाटतं, पण तारेत तो फरक अगदी छोटा असतो. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ११ मिमीची तार ११.६ केली की झालं. म्हणूनच "जड गाडीची स्प्रिंग बसते" हे वाक्य धोक्याचं आहे. बैठकीत बसणं वेगळं आणि कडकपणा जुळणं वेगळं. दीड मिमी जाड तार आली तर ११ ची १२.५ होते आणि कडकपणा १.६ पटीच्या वर जातो. मग रिकाम्या गाडीत मागचे प्रवासी हवेत उडतात, ओल्या रस्त्यावर मागचं चाक रस्ता सोडतं आणि जुना शॉकर ती उसळी धरू शकत नाही.

तुमच्यासाठी सोपा मार्ग आहे. याच पिढीच्या वॅगन-आरला कंपनीतून बसवलेलं सीएनजी मॉडेल होतं. मारुतीच्या अधिकृत पार्ट्स काउंटरवर तुमचा चासी नंबर द्या, मागच्या स्प्रिंगचा पार्ट नंबर काढा, मग त्याच वर्षाच्या सीएनजी मॉडेलचा काढा. मागच्या शॉकरचेही दोन्ही नंबर विचारा. नंबर वेगळे असतील तर सीएनजीची मागची जोडी घ्या. एकच निघाला तर सीएनजीच्या नावाखाली जास्त पैसे देऊ नका, त्यातून उंची मिळणार नाही.

पुढे सीएनजीचं काही घालायचं नाही, तिथे वजन वाढलेलं नाही. डाव्या-उजव्यात सहा मिमीचा फरक या वयात चालतो. दहा-पंधरा झाला असता तर एक बाजू संशयित धरली असती.

रबाळे_वर्कशॉप

तारजाडींशी सहमत, पण पुढच्याबद्दल थोडं वेगळं सांगतो. उजवा शॉकर ओला आहे, म्हणजे पुढचे दोन्ही शॉकर जाणारच. त्यासाठी स्ट्रट बाहेर काढून स्प्रिंग दाबून सोडावीच लागते. त्याच मजुरीत नवीन पेट्रोल-मॉडेलच्या पुढच्या स्प्रिंगा बसतात. खालच्या कॉइलवर गंज सुरू झालाय तर दोन पावसाळ्यांनी तेच काम पुन्हा करायचं का? पुढे दोन शॉकर, दोन स्प्रिंगा, दोन वरची माउंटिंग बेअरिंगसकट, दोन बंप स्टॉप, दोन डस्ट कव्हर आणि वरचे दोन नवीन नट, असं एकदाच करा. टकटकसुद्धा बहुतेक याच कामात जाईल, पण त्याआधी लोअर आर्मचे बुश लोखंडी पट्टीने हलवून बघायला सांगा.

बदल नेहमी जोडीने. एक नवी एक जुनी घातली की गाडी तिरकी उभी राहते आणि ब्रेक मारताना एका बाजूला ओढते.

वागळे_इस्टेट_पार्ट्स

काउंटरवर घ्यायची काळजी.

स्प्रिंगवर रंगाचे ठिपके असतात. ते भाराच्या गटाची खूण आहेत, दोन्ही नगांवर सारखे हवेत (काही गाड्यांत डावी-उजवी मुद्दाम वेगळी असते, तेव्हा पार्ट नंबरही वेगळे असतात). खोक्यावरचा नंबर आणि स्प्रिंगवरचा नंबर जुळवा. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) घेऊन जा आणि तारेची जाडी दोन-तीन ठिकाणी बघा. दोन्ही नग सपाट काचेवर उभे करा, उंचीत दोन-तीन मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर घेऊ नका. टोकाच्या कॉइलचा व्यास आणि वळणाची दिशा जुन्याशी ताडून बघा. टोक नीट कापलेलं असावं, त्यावर रंगाचा अखंड थर असावा.

बाहेरच्या ब्रँडमध्ये केवायबी, लेसयोफोर्स या स्प्रिंग बनवणाऱ्या कंपन्या आहेत, पण तुमच्या नेमक्या मॉडेलचा नंबर त्यांच्या यादीत असेल तरच घ्या. "साधारण हीच" अशी स्प्रिंग नको. कुर्ल्याच्या बाजारातली जुनी स्प्रिंग तर अजिबात नको. तीही तुमच्याइतकीच बसलेली असते, फक्त ती किती बसली हे समजायला मार्ग नसतो.

सीएनजीचा नंबर वेगळा निघाला नाही तर एमआयडीसीत नमुन्यावरून स्प्रिंग करून देणारे आहेत. त्यांना तीन प्रश्न विचारा. पोलाद सिलिकॉन-क्रोमचं आहे का? गुंडाळल्यावर शॉट पीनिंग, म्हणजे बारीक छर्ऱ्यांचा मारा, करता का? आणि स्प्रिंग पूर्ण दाबून आधीच बसवून देता का? हा तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. पूर्ण दाबून घेतलेली नसेल तर तुमच्या गाडीखाली ती पहिल्या महिन्यातच बसते. पीनिंग नसेल तर पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यापासून तडा सुरू होतो. "हो हो, सगळं करतो" एवढ्यावर थांबू नका, दाब-चाचणीचा आकडा कागदावर मागा: इतक्या उंचीला इतके किलो. ते देऊ शकले नाहीत तर दुसरा शोधा.

कासारवडवलीकर

पार्ट नंबर काढले. मागच्या स्प्रिंगचा सीएनजी मॉडेलचा नंबर खरंच वेगळा आहे, शॉकरचा एकच. मागे सीएनजीची जोडी आणि नवीन शॉकर, पुढे रबाळे_वर्कशॉप यांनी दिलेली यादी, असं ठरवलं. बसवताना गॅरेजमध्ये उभं राहून नेमकं काय बघायचं?

रबाळे_वर्कशॉप

मागचं काम सोपं. गाडी बॉडीखाली स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. एक्सल ट्रॉली जॅकवर टेकवायचा, शॉकरचे खालचे बोल्ट दोन्ही बाजूंचे काढायचे, जॅक हळूहळू उतरवायचा. स्प्रिंग हाताने निघते. या वेळी ब्रेकच्या होजवर नजर ठेवा, एक्सल होजला लटकता कामा नये. हँडब्रेकची केबलही ताणली जाऊ नये. वरचे-खालचे रबरी पॅड चिरलेले असतील तर नवीन. स्प्रिंगचं टोक पॅडच्या खाचेत टेकलं पाहिजे. एक्सल आडवा धरणारा लॅटरल रॉड असतो, त्यामुळे वर घेताना एक्सल किंचित एका बाजूला सरकतो आणि बोल्टचं भोक चुकतं. पट्टीने जोर लावून बोल्ट ठोकायचा नाही, उंची जुळली की भोकही जुळतं.

सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: रबरी बुश असलेले बोल्ट चाकं लटकलेली असताना शेवटचे आवळले जातात. मग गाडी खाली आली की बुश कायम पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो. लटकलेलं असताना बोल्ट फक्त लावून ठेवायचे. शेवटचा आवळा गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना.

पुढचं काम जपून करायचं असतं. स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टची जागा रंगाने खूण करून घ्या, तिथल्या ढिलाईने चाकाचा कल बदलतो. स्प्रिंग दाबायचे दोन क्लॅम्प समोरासमोर, आळीपाळीने फिरवायचे. स्प्रिंग बैठकीत हाताने फिरू लागली की मगच वरचा मधला नट सोडायचा. त्याआधी नट सुटला तर स्प्रिंग गोळीसारखी सुटते, माणूस जबर जखमी होऊ शकतो. स्ट्रटच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही, तुम्हीही नाही. वरचा नट एअर गनने आवळू देऊ नका. दांडा गरगर फिरतो आणि नवीन शॉकरचं सील पहिल्याच दिवशी खराब होतं. दांडा धरून हातपान्याने. चमकणाऱ्या दांड्याला पक्कड लावलेली दिसली तर तो शॉकर परत करायचा.

जुन्या स्प्रिंगा परत मागा आणि नव्यांशेजारी सपाट जागी उभ्या करा. पुढच्या तर किती बसल्या होत्या ते तिथेच कळेल.

तारजाडी

झाल्यावर हबपासून मडगार्डपर्यंत चारही मापं पुन्हा लिहून ठेवा. पहिल्या चार-पाचशे किलोमीटरांत दोन-चार मिमी खाली येतील, ते ठीक. लगेच अलाइनमेंट करून घ्या, पुढची उंची बदलली की चाकांचा टो, म्हणजे वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचं माप, बदलतो. चार-पाचशे किलोमीटरनंतर तो पुन्हा तपासा.

आणखी एक राहून जाणारी गोष्ट, हेडलाइट. मागची बाजू बसली की प्रकाश वर जातो आणि मधल्या काळात कोणीतरी तो स्क्रूने खाली आणलेला असतो. आता मागची बाजू वीस-पंचवीस मिमी वर आली की प्रकाश फार जवळ पडेल. काम करण्याआधी पार्किंगच्या भिंतीसमोर गाडी उभी करून प्रकाशाच्या वरच्या कडेला चिकटपट्टी लावा. नंतर त्याच जागी उभी करून फरक बघा आणि लावून घ्या. गायमुखच्या चढावर रात्री समोरून ट्रक येतात तेव्हा हे चुकलेलं महागात पडतं.

कासारवडवलीकर

टाकीची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) पुढच्याच महिन्यात आहे. टाकी तेव्हा बाहेर निघेलच. मागचं काम त्याच दिवशी करावं की टाकी परत बसल्यावर?

रबाळे_वर्कशॉप

दर तीन वर्षांची टेस्ट ना? मग स्प्रिंगा त्याच दिवशी बदला, टाकी नसताना एक्सल हलका असतो आणि डिकीच्या फरशीवरचा गंजही बघता येतो. फक्त बुशचे बोल्ट टाकी बसून गॅस भरल्यावरच शेवटचे आवळायचे. बोल्ट ढिले ठेवून पंपापर्यंत चालवू नका. टाकी रिकामीच मिळाली तर डिकीत दहा किलो वजन ठेवून आवळा.